कागद भरून काढा

आमच्या नाते गावात पाहुणा आला की आम्ही आधी रायगड दाखवतो. मग सांगतो, देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १८९६ साली याच गावात जन्मले. पण याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या नागावात, १९३६ साली चित्रकार प्रभाकर बरवे जन्मले हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेत चित्रकला शिकवत असूनही त्यांची चित्रं मी कधी समोर उभं राहून पाहिलेली नव्हती.

२०१९च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं प्रदर्शन भरलं. बरवे गेले १९९५ मध्ये. इतक्या वर्षांनी एवढी चित्रं एकत्र येतायत, हे वाचून राहवलं नाही. महाडहून पहाटेची एसटी धरली.

संग्रहालय ज्यात आहे त्या कावसजी जहांगीर हॉलच्या जिन्यानं एकेक दालन चढत गेलो. जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. केंद्रानं त्यांना १९६१ मध्ये बनारसला पाठवलं. तिथल्या चित्रांत तंत्रसाधनेतल्या आकृत्या आहेत, रंग भडक आहेत. मुंबईला परतल्यानंतर हळूहळू सगळं निवत गेलेलं दिसतं. मग दारं-खिडक्या रंगवायच्या एनॅमलनं केलेली मोठी चित्रं येतात. पान, घड्याळ, शिंपला. रोजच्याच वस्तू, पण त्यांच्याखाली टेबल नाही, मागे भिंत नाही. मधे भरपूर मोकळी जागा, आणि ती इतकी तोलून सोडलेली की घड्याळ तसूभर सरकलं असतं तर सगळं चित्र कलंडलं असतं.

त्या चित्रांसमोर मला माझा वर्ग आठवला. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांपुढे मी तांब्या, भोपळा, मागे घडीचं कापड मांडतो आणि बाकांमधून फिरत म्हणतो, "मोठं काढा, कागद भरून काढा." वीस वर्षं हेच म्हणत आलो. मोकळी राहिलेली जागा म्हणजे मुलाचा आळस, असंच मी धरून चाललो होतो.

घरी आल्यावर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मिळवून वाचलं. मग एका रविवारी परसातल्या फणसाचं एक पान आणि कोरा कागद घेऊन बसलो. पान काढायला पाच मिनिटं लागतात. ते कागदावर कुठे ठेवायचं हे ठरवायला मला पाऊण तास लागला. मधोमध ठेवलं की ते नुसतं पान राहायचं. कडेला नेलं की उरलेला कागद जागा व्हायचा, त्याला वजन यायचं. बरवे जन्मभर कशाशी झुंजत होते, ते त्या पाऊण तासात मला थोडंसं कळलं.

परीक्षेच्या दिवसांत तांब्या-भोपळा अजूनही मांडतो; मुलांना ते यायलाच हवं. पण वर्षातले काही तास आता त्या एका पानासाठी राखलेले आहेत. मुलं कागद पुढे करतात तेव्हा मी विचारतो, "पान छान आलंय. उरलेल्या जागेचं काय ठरवलंस?"