चवदार तळ्याकाठी दोन दिवस निवांत

आपल्या वस्तीत कुणी “फिरायला चाललोय” असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न येतात. पैसे कुठून आणले? आणि कामावर किती खाडे होणार? हे प्रश्न खोटे नाहीत. ज्याचे पोट रोजच्या हजेरीवर आहे, त्याला सुट्टीचा दिवस हा कमाईतून वजा होणारा दिवस असतो. म्हणून फिरणे ही पैसेवाल्यांची चैन, असे आपण धरून चालतो.

तसे पाहिले तर आपली माणसे प्रवास काही कमी करीत नाहीत. अशोक विजयादशमीला नागपूर, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधायची, गाडीत जिथे जागा मिळेल तिथे बसायचे, रात्र फलाटावर काढायची, अभिवादन करायचे आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे. हा प्रवास श्रद्धेचा आहे, तो केलाच पाहिजे. पण त्यात विसावा नाही.

आमच्या घरात या वर्षी विसाव्याचा प्रवास करायचे ठरले आहे, आणि तो कुठे, तर महाडला. निमित्त आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई.

आत्या आता शहात्तर वर्षांच्या आहेत. चाळीस वर्षे त्यांनी विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू, आणि हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय उठायचे नाही. त्यातल्या काही विड्या तपासणीत बाद व्हायच्या, त्याचे पैसे जायचे. पाठ कायमची वाकली. सासरे गिरणीत होते. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा त्याच सुपावर घर चालले. आत्यांनी समुद्र पाहिला आहे तो फक्त दादरला, सहा डिसेंबरच्या रांगेतून. “लई मोठा हाय, पण बघायला उभं कुठं राहू देतेत? पुढं सरका म्हंतेत,” असे त्या हसून सांगतात.

दिवाळीत आम्ही सगळे एकत्र बसलो होतो. मी म्हटले, “आत्या, तुम्हाला कुठं जायचंय सांगा. देवदर्शनाचं नाही, कार्यक्रमाचं नाही. नुसतं जायचं.” त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, “बाबांनी पाणी पिलं त्या तळ्यावर जायचंय. काठावर बसायचंय.” आणि मग हळूच विचारले, “तिथं कुणी ऊठ म्हणत नाही न्हवं?”

या प्रश्नामागे त्यांचे सारे बालपण आहे. माहेरच्या गावी आपल्या लोकांना विहिरीवर चढता येत नसे. घागर खाली ठेवायची, लांब उभे राहायचे आणि कुणाला दया आली तर वरून पाणी ओतून घ्यायचे. कडेला टेकले तरी “ऊठ” म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर असताना पिण्याच्या पाण्याची रांगही वेगळी होती, असे त्या सांगतात. स्वतंत्र भारतातली, संविधान लागू झाल्यानंतरची ही गोष्ट आहे.

आमच्या भाऊजींना मात्र हा बेत पटेना. ते म्हणाले, “वीस मार्चला विहारातून गाडी जाते की. तेव्हाच जाऊ. बाबासाहेबांच्या क्रांतीच्या ठिकाणी सहल म्हणून जायचं म्हणजे काय?” त्यांचे म्हणणे सरळ उडवून लावण्यासारखे नाही. पण शहात्तर वर्षांची वाकलेली बाई मार्चच्या उन्हात, हजारोंच्या गर्दीत तळ्याकाठी किती वेळ बसू शकेल? आणि मुख्य म्हणजे, बाबासाहेबांना कष्टकऱ्याचा विसावा मान्य नव्हता असे कुणी सांगितले?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला भरपगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. गांधीवादावर टीका करताना १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्पष्ट मांडले आहे की, माणूस दिवसभर नुसता राबत राहिला तर त्याच्यात आणि जनावरात फरक उरत नाही. यंत्रे हवीत ती माणसाला फुरसत मिळावी म्हणून, कारण फुरसतीशिवाय विचार नाही, वाचन नाही, संस्कृती नाही. म्हणजे फुरसत ही चैन नव्हे, ती माणूसपणाची गरज आहे. विडी कामगारांसाठीही १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, त्यात रजेची तरतूद होती. पण घरी बसून विड्या वळणाऱ्या किती बायांनी रजा पाहिली? आत्यांनी तरी पाहिली नाही. चाळीस वर्षांची ती राहिलेली रजा आम्ही आता त्यांना देणार आहोत.

हे मी भाऊजींना सांगितले. ते गप्प झाले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “मग वहिनी, आमची पण दोन तिकिटं धरा.”

जायच्या आधी मुलांना त्या तळ्याचा इतिहास नीट कळावा म्हणून आम्ही रोज रात्री जेवणानंतर थोडा थोडा वाचतो. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. मग रामचंद्र मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे अशा कार्यकर्त्यांच्या खटपटीतून १९ व २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्या हजारो लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते! गावात भरलेले तळे, आणि आपल्या माणसांना पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि मागोमाग सर्वांनी ते घेतले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्यांचे हल्ले झाले. काहींना मुसलमान बांधवांनी आपल्या घरात आसरा दिला. तळे शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ करून घेण्यात आले.

डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा आले ते मुंबईहून बोटीने. दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्याबाबत कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम होता, म्हणून जमलेल्या हजारोंनी तळ्याला फेरी घातली आणि पाण्याला हात न लावता ते परत फिरले. तो दावा पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. मुलीने ऐकून विचारले, “दहा वर्षं एका तळ्यासाठी?” तिला काय सांगावे? आमच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा रात्री दोन वाजता हंडे लावताना पाण्याची किंमत तिला कळते. पण त्यावरच्या हक्काची किंमत या इतिहासावरूनच कळेल.

शेजारच्या काकूंनी आत्यांना प्रेमाने सुचवले, “येताना तळ्याचं पाणी बाटलीत आणा, आम्हाला पण द्या.” आत्यांनाही ते पटले होते. मी त्यांना बाबासाहेबांचे महाडचे भाषण वाचून दाखवले. चवदार तळ्याचे पाणी पिऊन कुणी अमर होणार नाही, आजवर ते न पिताही आपण जगलोच आहोत. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, असा त्यातला आशय आहे. आत्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग बाटली नको. त्याचं तीर्थ करायचं न्हाई.” आमच्या जिल्ह्यातले पंढरपूर तर घराजवळच. रमाईला पंढरपूरला जाण्याची ओढ होती, आणि जिथे लांब उभे राहून दर्शन घ्यावे लागते असल्या पंढरपूरला जाण्यापेक्षा आपण वेगळे पंढरपूर उभारू, असे बाबासाहेबांनी तिला सांगितले होते. एक पंढरपूर सोडून दुसरे तसलेच आपण करायचे नाही, हे शाळेत न गेलेल्या आत्यांना चटकन उमगले.

आता बेताविषयी. गड्ड्याच्या यात्रेला गावात सुट्टीचे वातावरण असते, त्याला जोडून सहा दिवस काढले. आमचे मालक यंत्रमागावर आहेत, त्यांनी मागवाल्याला दिवाळीतच सांगून ठेवले. पावसाळ्यात जायचे नाही हे पक्के होते. सावित्री नदीला पूर आला की महाडचे किती हाल होतात ते जुलै २०२१ मध्ये सर्वांनी पाहिले. जानेवारीत कोकणची हवा चांगली असते आणि गर्दीही कमी.

पहिल्या दिवशी सोलापूरहून पुणे, मुक्काम पिंपरीला नणंदबाईंकडे. एका दमात जायचे नाही, म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला ते झेपत नाही. दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाटाने माणगाव आणि तिथून महाड. घाटात वळणे फार, म्हणून सकाळी पोटभर खायचे नाही, लिंबू जवळ ठेवायचे. त्या दिवशी संध्याकाळी काहीही ‘बघायचे’ नाही, नुसते तळ्याकाठी जाऊन बसायचे.

तिसरा दिवस पूर्ण महाडचा. सकाळी उन्हाच्या आधी गांधारपाल्याची बौद्ध लेणी. ती गावाजवळच, हमरस्त्याला लागून डोंगरात आहेत. प्राचीन काळी समुद्रावरील बंदरांतून घाटावर माल जायचा, त्या वाटेवर भिक्खूंचे हे विहार होते. काणभोज राजकुमाराने दिलेल्या दानाचा शिलालेख तिथे आहे. म्हणजे ज्या गावात आपल्याला पाणी नाकारले, त्याच गावच्या डोंगरात अठराशे वर्षांपूर्वी बुद्धाचा धम्म नांदत होता! आत्यांना पायऱ्या चढवल्या नाहीत तर त्या खाली झाडाच्या सावलीत बसतील, मी त्यांच्यासोबत बसेन. दुपारी झोप. संध्याकाळी क्रांतिस्तंभ आणि पुन्हा तळे. मुलगा रायगडासाठी हट्ट धरून आहे. गड जवळ आहे, १९९६ पासून रोपवेसुद्धा आहे. पण या वेळी नाही. सगळे एकाच फेरीत उरकायचे म्हटले की पुन्हा पळापळ आली.

चौथ्या दिवशी मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. तिथून दापोली. लष्करातून निवृत्त झाल्यावर सुभेदार रामजी काही काळ दापोलीत राहिले होते. पाचव्या दिवशी सकाळी दापोलीजवळचे वणंद, आपल्या रमाईचे माहेर, आणि दुपारनंतर हर्णै-मुरुडचा समुद्र. तिथे आत्यांना वाळूत चटई टाकून देणार. पुढे सरका म्हणणारे कुणी नसेल. सहाव्या दिवशी परत.

खर्चाचे म्हणाल तर घरात वर्षभर भिशीसारखा एक डबा ठेवला होता. प्रत्येकाने आठवड्याला जमेल तेवढे टाकायचे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट, त्याचा मोठा आधार झाला. आत्यांचे आधार कार्ड पिशवीत सर्वांत आधी ठेवले आहे. दोन वेळची भाकरी-चटणी घरून, एक वेळ बाहेर. दापोलीला मासे खायचे, हे मालकांनी आधीच जाहीर केले आहे.

राहण्यासाठी मी फोन करून साध्या लॉजचे दर विचारले. आत्या शेजारी बसून ऐकत होत्या. फोन ठेवताच म्हणाल्या, “आडनाव विचारलं का गं?”

“विचारलं की. आधार कार्ड पण मागणार हैत.”

“मग कळंल की त्यास्नी.”

“कळू दे की, आत्या. म्हणून तर पुरं नाव सांगितलंय.”

बोले यांच्या ठरावात पाणवठ्याबरोबर धर्मशाळाही होती, हे मला तेव्हा आठवले. प्रवासात कुठे टेकायला मिळणे हाही पाण्याइतकाच हक्क आहे. तो वापरला नाही तर कागदावरच राहतो, महाडच्या नगरपालिकेच्या ठरावासारखा. आपण पुरे नाव सांगून खोली मागतो, काठावर बसतो, मुलांना पाण्यात पाय सोडू देतो, तेव्हा तो हक्क आपण रोजच्या वापरात आणतो.

भगिनींनो, तुमच्याही घरात अशी एखादी आत्या, एखादा मामा, एखादा थकलेला बाप असेल. जन्मभर दुसऱ्याच्या वेळेवर उठले, दुसऱ्याच्या वेळेवर बसले. त्यांना एकदा विचारा, कुठे जाऊन बसावेसे वाटते. उत्तर महाड असेल, नाहीतर गावाकडचा एखादा ओढाही असेल. फार लांबचे नसले तरी चालेल. डबा आजच ठेवा, तारीख आजच ठरवा. वीस मार्चला, सहा डिसेंबरला आपण जाऊच. पण मधला एक दिवस त्यांच्यासाठी काढा.

आत्यांनी ट्रंकेतून पांढरी साडी काढून धुऊन ठेवली आहे. काल म्हणाल्या, “तळ्यावर लवकर जाऊ. मला लई येळ बसायचंय.”

जयभीम!