तीस माणसं आणि एक सही

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हे लिहितेय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. सुरुवात परदेशात आहे, पण शेवट आपल्या ओढ्यावरच होतो.

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही दोघं कोपनहेगन, स्टॉकहोम आणि ऑस्लो असं बारा दिवस फिरून आलो. यांच्या निवृत्तीची सहल. टूर कंपनी नाही, सगळं आपलं आपण. तिकडे महागाई इतकी की पहिल्या दिवशी कॉफीच्या कपाचे रुपये काढले आणि नंतर तो हिशेबच सोडून दिला. दुपारी बागेतल्या बाकावर बसून घरून नेलेल्या दशम्या आणि चटणी, आणि नळाचं पाणी. जे पैसे वाचले ते म्युझियमच्या तिकिटांना.

कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात डेन्मार्कच्या वसाहतींची माहिती मांडलेली होती. तामिळनाडूतलं तरंगमबाडी १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्ककडे होतं, मग त्यांनी ते इंग्रजांना विकलं. आपल्याला शाळेत इंग्रज, पोर्तुगीज, फ्रेंच शिकवले. डेन्मार्कची ओळख लोणी आणि बिस्किटांपुरती! त्याच दालनात कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांची आणि तिथे नेलेल्या गुलामांचीही हकिगत होती. माणसं विकण्याच्या धंद्यात आपण होतो, हे त्यांनी स्वतःच्या राजधानीत मांडून ठेवलंय. हे बराच वेळ वाचत उभे राहिले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "लिहून तरी ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी स्टॉकहोमची रेल्वे, साधारण पाच तासांची. कोपनहेगन सोडलं की गाडी ओरेसुंदच्या पुलावर चढते. जवळपास आठ किलोमीटरचा पूल, वर मोटारी, खाली रेल्वे, २००० साली सुरू झालेला. आमचे हे पेशाने अभियंता, सरकारी खात्यात उभी हयात गेलेली. पूल दिसला की लहान मुलासारखे खिडकीला नाक लावतात. त्या दिवशी मात्र गप्प होते. मला वाटलं, झोप झाली नसेल.

स्टॉकहोमला 'वासा' नावाच्या जहाजाचं म्युझियम आहे. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने बांधून घेतलेलं युद्धनौकांमधलं रत्न. ६४ तोफा, कोरीवकाम असं की आपल्या एखाद्या वाड्याची चौकट फिकी पडावी. १० ऑगस्ट १६२८ ला हे जहाज पहिल्यांदा निघालं आणि साधारण तेराशे मीटर जाऊन, काठावर जमलेल्या गावासमोर, बुडालं. वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं, तोफांच्या खालच्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. सुमारे तीस माणसं गेली. १९६१ साली, म्हणजे ३३३ वर्षांनी, ते वर काढलं. आत अंधुक उजेड, मधोमध ते काळं अवाढव्य लाकूड, आणि बुडालेल्यांपैकी काहींचे सांगाडेही तिथे ठेवलेत.

आता खरी गोष्ट. जहाज निघण्याआधी त्याची चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकवर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पळायला लावलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी थांबवावी लागली, नाहीतर धक्क्यालाच उलटलं असतं. चाचणी बघायला आरमाराचा मोठा अधिकारी स्वतः हजर होता. म्हणजे कळलं होतं. पण राजा लढाईवर परदेशात, जहाज लवकर पाठवा म्हणून त्याचा तगादा. त्याला कोण सांगणार?

बुडाल्यावर चौकशी बसली. कप्तानाला विचारलं, खलाशी प्यायले होते का? तोफा नीट बांधल्या होत्या का? मापं कुणी ठरवली? तर मापं राजाने मंजूर केलेली. मूळ बांधणारा कारागीर आदल्याच वर्षी वारलेला. मग दोष कुणाचा, असं बांधकामाच्या ठेकेदाराला विचारलं, तर उत्तर आलं, देव जाणे. शिक्षा कुणालाच झाली नाही.

मी हसले. म्हटलं, "अहो, हे तर आपल्याकडच्यासारखंच झालं!"

हे हसले नाहीत. बाकावर बसले आणि म्हणाले, "अगं, तीस माणसं पळताना मीही बघितलीत."

मग जे सांगितलं ते लग्नाला तेहेतीस वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला कोकणातल्या एका तालुक्यात यांच्याकडे एका ओढ्यावरच्या साकवाचं काम होतं. काँक्रीटचे ठोकळे तपासायला पाठवले, ते नापास होऊन आले. यांनी टिपण लिहिलं. वरून निरोप आला की उद्घाटनाची तारीख ठरलीय, मंडप घातलाय, आता खोडा घालू नका. यांनी मोजमाप पुस्तिकेत सही केली. तिसऱ्या पावसात रात्रीतून साकव गेला. रात्र होती म्हणून माणूस वाचलं. त्यानंतर दोन वर्षं पलीकडच्या वाडीतली पोरं डोंगराला वळसा घालून शाळेत गेली, काही गेलीच नाहीत. चौकशी झाली, कारण लिहिलं 'अतिवृष्टी'. यांचं टिपण फाइलमध्ये सापडलं नाही. आणि ते लिहिलं होतं, हे यांनीही कुणाला सांगितलं नाही.

"घाबरलो होतो," म्हणाले. "नोकरी नवीन, अण्णांचं आजारपण. पण पुढे कायम झालो, वर चढलो, तेव्हा कुठे घाबरायचं कारण होतं? तरीही बोललो नाही."

मी काय बोलणार? घराचे हप्ते त्याच पगारातून गेले, पोरांच्या फिया त्याच पगारातून भरल्या. त्या सहीत माझाही वाटा आहेच. आम्ही म्युझियम बंद व्हायची घंटा होईपर्यंत तिथेच बसून होतो.

पुढे ऑस्लो. तिथे 'बावीस जुलै केंद्र' आहे. २२ जुलै २०११ ला एका अतिरेक्याने सरकारी कार्यालयांसमोर बॉम्ब लावला, मग उटोया बेटावर तरुणांच्या शिबिरात जाऊन गोळीबार केला. ७७ माणसं मेली, त्यात बरीच कोवळी पोरं. केंद्र तेव्हा त्याच स्फोट झालेल्या इमारतीत होतं. भिंतीवर मेलेल्यांचे फोटो. आम्ही दोघंही तिथे फार वेळ उभं राहू शकलो नाही.

त्या हल्ल्याचीही चौकशी झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये अहवाल आला. त्यात 'देव जाणे' नव्हतं. ठरलेले सुरक्षा उपाय वेळेत केले असते तर बॉम्बहल्ला टाळता आला असता, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. कार्यालयांसमोरचा रस्ता वाहनांना बंद करायचं कित्येक वर्षं आधी ठरलं होतं, अंमलबजावणी रखडली होती. पोलीस बेटावर लवकर पोहोचू शकले असते, हेही लिहिलं. काही दिवसांत देशाच्या पोलीसप्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. गेलेली पोरं त्याने परत आली नाहीत. पण कुठे चुकलं, हे आईबापांना सरकारी कागदावर वाचायला मिळालं.

कुणी म्हणेल, आल्या परदेशाचं कौतुक करायला. तसं नाही हो. १६२८ सालचे ते लोक तंतोतंत आपल्यासारखेच होते. साहेबाला घाबरणारे, तारीख सांभाळणारे, मेलेल्याच्या आणि देवाच्या नावावर ढकलणारे. २०१२ सालचा अहवालही माणसांनीच लिहिला. मग आपल्याला का जमू नये?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला, त्यात दोन एसट्या गेल्या. ती बातमी टीव्हीवर बघताना हे उठून आत का गेले होते, ते मला तीन वर्षांनी स्टॉकहोममध्ये कळलं.

हे सगळं यांना विचारून लिहितेय. पहिल्यांदा नको म्हणाले, मग रात्री म्हणाले, "लिही. कार्यालयाचं नाव नको, त्यातले बरेच जण वारले. माझी सही मात्र लिही."

गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. आपल्या गावच्या ओढ्यावरच्या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली, अहवालात काय आहे, आणि सुचवलेलं काम झालं का, एवढे चार प्रश्न. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, बाकी काही नाही. उत्तर आलं की इथेच टाकेन.

तुमच्या गावच्या पुलासाठी अर्ज करायचा असेल तर मेसेज करा. मसुदा हे लिहून देतील.