दिवेआगरच्या वाडीत आठ दिवस

पुण्याहून मुळशी, ताम्हिणीचा घाट, माणगाव आणि म्हसळा या मार्गाने निघालेला प्रवासी बोर्ली पंचतनच्या पुढे आला म्हणजे त्यास खाऱ्या वाऱ्याचा पहिला स्पर्श होतो. थोड्याच वेळात रस्ता माड-पोफळींच्या राईत शिरतो. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हे दिवेआगर. बहुतेक मंडळी येथे येतात ती लांबच लांब स्वच्छ पुळण पाहण्यासाठी आणि केळीच्या पानावर उकडीचे मोदक खाण्यासाठी. या दोन्ही गोष्टी उत्तम आहेत, यात संशय नाही. परंतु आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचे आहे ते रस्ता आणि समुद्र यांच्या मधले दिवेआगर, म्हणजे घरे आणि त्या घरांमागच्या वाड्या.

गाव जुने आहे. येथे सापडलेला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, या वर्षाचा ताम्रपट मराठी भाषेच्या अगदी आरंभीच्या लेखांत गणला जातो. रूपनारायणाची देखणी मूर्ती त्या पुरातन वैभवाची साक्ष देत उभी आहे. १९९७ साली एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सुवर्णमुखवटा सापडला आणि गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. २०१२ साली तो चोरीस गेला आणि २०२१ साली नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. मातीतून सोने निघावे हे नवल खरे. पण या मातीने गावाला पिढ्यानपिढ्या पोसले ते नारळ-सुपारीच्या रूपाने. ‘आगर’ या शब्दाचे नाते संस्कृतातील ‘आकर’ म्हणजे खाण या शब्दाशी जोडतात. ते या ठिकाणी अगदी सार्थ वाटते.

आमच्या धाकट्या भगिनीचे सासर याच गावचे. गेल्या वैशाखात आम्ही उभयता तेथे आठ दिवस राहिलो. घरात लहानमोठी मिळून अकरा माणसे. आमचे मेव्हणे, ज्यांस सारे गाव अण्णा म्हणते. त्यांच्या दिवंगत वडील बंधूंच्या पत्नी, म्हणजे सर्वांच्या मोठ्या काकू. दोघे पुतणे, एक मुलगा, सुना आणि नातवंडे. घर जांभ्या दगडाचे. समोर अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि तीस लागून विहीर. विहिरीवर पूर्वी रहाट होता, आता विजेचा पंप आहे. तेथून पाटाचे पाणी निघते ते प्रथम अळूच्या खाचरात, मग केळींत आणि पुढे पोफळींच्या आळ्यांत जाते. भांडी विसळलेले पाणीदेखील वाया जात नाही, हे पाहून आमच्यासारख्या शहरवासीयास आपल्या मोरीची लाज वाटावी. वाडीच्या शेवटी केवड्याचे बन, त्यापलीकडे सुरूची झाडे आणि त्यापलीकडे समुद्र.

या घराचा खरा परिचय होतो तो तेथील कोणतीही एक वस्तू हाती धरून तिचा शेवटपर्यंत माग काढला म्हणजे. माडाची झावळी पडली, तर तिचे पाते विणून झाप होतो. तो पावसाळ्यापूर्वी पडवीला आडोसा म्हणून बांधतात. जुन्या झावळीचे हीर सोलून त्यांची केरसुणी होते आणि उरलेला देठ न्हाणीघराच्या चुलीत जातो. नारळाच्या सोडणाचे सुंभ वळतात, करवंटीची डवली होते. पोफळीच्या गळून पडलेल्या पानाचा रुंद देठ, ज्यास विरी म्हणतात, त्याचे द्रोण आणि पंखे होतात. पण त्याआधी नातवंडांपैकी एकाने त्यात बसावे, दुसऱ्याने शेंडा धरून अंगणभर ओढावे, असा त्या विरीचा पहिला उपयोग असतो. पोफळीवर मिरवेल चढविलेला आहे, तिच्या सावलीत जायफळ आहे, बांधावर हळद आहे. हळदीची पाने श्रावणात पातोळ्यांसाठी लागतात आणि गड्डे वर्षभर फोडणीला पुरतात.

आम्ही गेलो ते दिवस आगोटीच्या बेगमीचे होते. पाऊस सुरू झाला की चार महिने ऊन मिळावयाचे नाही, म्हणून जे वाळवावयाचे ते वैशाखातच वाळवून डब्यांत गेले पाहिजे. पहिल्या दिवशी रातांबे फोडण्याचे काम निघाले. फळाची साले वेगळी, गर व बिया वेगळ्या. गरात मीठ घातले की त्यास रस सुटतो. त्या रसात साले बुडवून उन्हात घालावयाची, वाळली की पुन्हा बुडवावयाची, असे पाच-सात वेळा केले म्हणजे काळीभोर आमसुले होतात. थोडा रस आगळ म्हणून बाटल्यांत भरतात. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून जे तेल निघते ते थंड होऊन गोठले की त्याचे गोळे वळतात. हेच भिरंडेल, आणि भेगाळलेल्या टाचांस यासारखे औषध नाही असे मोठ्या काकू म्हणतात. एका फळाचे तीन जिन्नस झाले आणि टाकावयास काही उरले नाही.

दुसऱ्या दिवशी बरका फणस फोडला. हातांस व विळीस खोबरेल चोळून अण्णा स्वतः फणसापुढे बसले, कारण चिकाचे काम पुरुषांचे असा या घरचा पायंडा आहे. गरे काढावयास मुले आणि तो रस चाळणीवर घासून घ्यावयास सुना. रसाचा एक वाटा तांदळाच्या रव्यात मिसळून त्याची सांदणे झाली, बाकीचा तुपाचा हात लावलेल्या ताटांत पसरून फणसपोळीसाठी उन्हात गेला. आठळ्या धुऊन पावसाळ्यातील भाजीसाठी राखल्या आणि वरचे साल शेजारच्या गोठ्यात गेले. आम्हांस ताटांवरील कावळे हाकण्याचे काम मिळाले. पस्तीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसास ते जड गेले नाही.

या कामांत आम्हांस विशेष वाटले ते हे की, पडवीत कोणी कोणास मुद्दाम काही शिकवीत नव्हते. सहा वर्षांची नात आजीशेजारी बसून वाती वळत होती. तिची वात जाड झाली की मोठ्या काकू ती न बोलता उलगडून पुन्हा तिच्या हाती देत. थोरला नातू झाप विणता विणता अण्णांस त्यांच्या लहानपणच्या बोटीच्या प्रवासाविषयी विचारीत होता. हात गुंतलेले असले की माणसाचे मन मोकळे होते. एरवी समोरासमोर बसून न निघणाऱ्या गोष्टी तेथे सहज निघतात. थोरल्या सुनेची नोकरी, धाकट्या पुतण्याचे कर्ज, कोणाचे दुखणे, कोणाचा रुसवा, हे सारे त्या आठ दिवसांत फणसाच्या गऱ्यांबरोबर बाहेर आले आणि बरेचसे निस्तरलेही.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. घरच्या जिनसांचे गुणगान करणारा लेखक बहुधा पुरुष असतो आणि त्या जिनसा करणारे हात बहुधा स्त्रियांचे असतात. आम्ही हे सर्व लिहून काढणार असे कळताच मोठ्या काकू म्हणाल्या, “मास्तर, आमच्या वेळी हे सारे आम्ही हौसेने केले, असे मात्र लिहू नका. करावे लागे म्हणून केले. पहाटे चारला जात्यावर बसत होते मी, आणि ओटीवरच्या मंडळींना पानात काय आले एवढेच ठाऊक.” अण्णा यावर काही बोलले नाहीत, खाली मान घालून गरे काढीत राहिले.

थोरली सून शाळेत शिकविते, धाकटी येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्यांचा हिशेब पाहते. तेव्हा या घराने काही वर्षांपूर्वी एक नियम केला. ज्या कामास घरातील सर्व मंडळी बसतील तेवढेच घरी करावयाचे, बाकीचे विकत आणावयाचे. त्यामुळे कुरडया आणि शेवया आता गावातील महिलांच्या बचत गटाकडून येतात. आमसुले, फणसपोळी, पापड आणि वाती मात्र घरच्या. आम्हांस हा नियम फार शहाणपणाचा वाटला. एकट्या जिवाच्या कष्टाने घरी झालेली वस्तू आणि बाजारातून आणलेली वस्तू यांत चवीचा फरक असेल, पण घराला जोडण्याच्या बाबतीत फारसा फरक नाही.

आता या घरावर आलेल्या प्रसंगाविषयी. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. करोनाच्या साथीमुळे मुंबई-पुण्याची मुलेही त्या वेळी घरीच होती. सारे माजघरात एकत्र बसले होते. पोफळी मोडण्याचा आवाज कसा असतो, हे थोरल्या पुतण्याने आम्हांस सांगितले. “मामा, एखादे झाड मोडले तर ऐकू येते. त्या दिवशी एकेक असे काही ऐकूच येत नव्हते. नुसता कडकडाट.” वारा थांबल्यावर मागचे दार उघडले, तेव्हा पडवीतून थेट समुद्र दिसला. त्या घरात जन्मलेल्या कोणीही तेथून पूर्वी समुद्र पाहिला नव्हता, कारण मध्ये वाडी होती. दहांतील दोनही पोफळी उभ्या नव्हत्या, आणि कित्येक माड मुळासकट उपटून विहिरीवर आडवे झाले होते.

पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. पंप बंद, तेव्हा पाणी पोहऱ्याने काढावे लागले. चूल पडलेल्या झावळ्यांवर पेटली. पण वैशाखात भरलेले डबे घरात होते. कुळथाचे पीठ, मेतकूट, पोहे, पापड, आमसुले, लोणची यांवर अकरा माणसांचा निर्वाह झाला, आणि शेजारच्या ज्या घराचे छप्पर उडाले होते तेथील मंडळींनाही त्यातून पाने वाढली गेली. बेगमी म्हणजे जुन्या लोकांची हौस, असे समजणारी मुंबईची मुले त्या पंधरवड्यात सुंभ वळावयास आणि छपराला झाप बांधावयास शिकली. मोठ्या काकू दाखवीत होत्या, म्हणून शिकली. त्या नसत्या तर ती विद्या पुस्तकातून तेवढ्यात आली नसती.

तथापि पडलेली वाडी पुन्हा उभी करणे ही गोष्ट निराळी. लावल्यापासून पाच-सात वर्षे पोफळ फळ देत नाही. ज्यांचे वय सत्तरीच्या घरात आहे त्यांनी कोणासाठी लावावे, हा प्रश्न त्या वर्षी अनेक घरांत निघाला. काहींनी जमिनी विकण्याचा विचार केला. समुद्रकाठच्या जागेस गिऱ्हाईक तयारच असते. आमच्या भगिनीच्या घरीही हा विषय निघाला, आणि काही दिवस घरात जेवताना कोणी कोणाशी बोलत नसे, असे तिने आम्हांस सांगितले. शेवटी धाकट्या पुतण्याने मुंबईची नोकरी सोडून येथेच राहण्याचे ठरविले, आणि अण्णांनी रोपे आणली.

त्यातही एक अडचण होती. पोफळीचे कोवळे रोप कडक ऊन सोशीत नाही. एरवी नवे रोप जुन्या झाडांच्या सावलीतच लावतात. जुने म्हातारे होईपर्यंत नवे हाताशी येते, आणि वाडी केव्हा बदलली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. येथे सावलीच उरली नव्हती. म्हणून आधी केळी लावल्या. केळ झपाट्याने वाढते. तिच्या छायेत पोफळीची रोपे धरली. श्रीवर्धनला सुपारीचे संशोधन केंद्र आहे आणि तेथील रोठा सुपारी प्रसिद्धच आहे. परंतु रोप कोठूनही आणले तरी त्यास पाणी आणि सावली घरानेच द्यावी लागते. आम्ही गेलो तेव्हा त्या लागवडीतील दोन-तीन झाडांना पहिला फुलोरा आला होता. अण्णांनी आम्हांस तो दाखविला नाही. धाकट्या पुतण्याने हात धरून नेऊन दाखविला.

घरगुती विद्येचेही असेच आहे, असे आमच्या मनात आले. वाती, पापड, झाप, भिरंडेल ही कामे आजीच्या छायेत नातीला येतात. ती छाया एकदा गेली म्हणजे मधल्या पिढीस केळीचे काम करावे लागते. स्वतः पुरते न येणारे काम मुलांसाठी म्हणून तेथे बसून शिकावे लागते. ते अशक्य नाही, परंतु फार खर्चाचे आहे.

शहरात दोन खोल्यांत राहणाऱ्या वाचकांस वाडी कोठून आणावी, असे वाटेल. वाडी नको. गच्चीवर कुंडीत अळू होते, खिडकीत पुदिना होतो. महिन्यातून एका रविवारी घरातील सर्वांनी मिळून एक जिन्नस करावा. लोणचे घालावे, वाती वळाव्या, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी. मात्र घरातील कर्त्या पुरुषाने त्या दिवशी वृत्तपत्र बाजूस ठेवून विळीपुढे बसावे, आणि घरात आजी असेल तर तिच्या शेजारी सर्वांत धाकट्या नातवंडास बसवावे. जिन्नस बिघडला तरी चालेल. सावली आहे तोवर रोपे लावून घ्यावीत, हेच खरे.