उठला आणि उठवला

धान कापून झालं, मंडया म्हणजे गावजत्रा सुरू झाल्या की भंडारा जिल्ह्यात नाटकांचा हंगाम लागतो. साकोली-लाखांदूरकडच्या गावांत रात्री उघडलेला पडदा उजाडेपर्यंत चालतो. मी या झाडीपट्टीतला प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून, वही मांडीवर घेऊन बसतो.

नट अडतो तो बहुधा वाक्याच्या शेवटी. नावं, गावं, नाती त्याला आठवतात, क्रियापद निसटतं. आणि मराठीत सगळा निवाडा तिथेच असतो. 'दार तुटलं' म्हटलं तर कुणावर आळ नाही; 'दार तोडलं' म्हटलं की तोडणारा आलाच. पडला-पाडला, मरतो-मारतो, सुटला-सोडला. धातूचा पहिला स्वर बदलला की करणारा पुढे येतो. म्हणून कुजबुजताना त्या स्वराला मी पुरती जागा देतो.

'व' लागून होणारी क्रियापदं याहून नाजूक. 'उठला' तोंडात दोन तुकड्यांत बसतो: उठ्-ला. 'उठवला' म्हणताना 'ठ' मोकळा होऊन पुढच्या तुकड्यात जातो: उ-ठव्-ला. बस्-ला, ब-सव्-ला तसंच. कागदावर एक अक्षर वाढतं, पण उच्चारात अख्खा शब्द नव्याने तुटतो आणि वजन मधे येतं. हा 'व्' ओठांवरचा, कुजबुजीत चटकन विरतो. वर पेटीतबल्याचा आवाज. नटाला 'उठला' एवढंच पोचतं, आणि बापाने हाताला धरून उठवलेला मुलगा आपला आपण उठतो. प्रसंगातला बापच नाहीसा होतो. मी 'ठव्'वर क्षणभर थांबतो तो त्यासाठी.

इटालियनमध्ये या वजनाची, म्हणजे जोराची, सत्ता मोठी. 'पार्लो'च्या 'पार'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'लो'वर दिला तर 'तो बोलला'. तिथे लिहितानाही शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ देतात. आपल्याकडे नुसत्या जोराने काळ आणि पुरुष बदलत नाहीत, पण तो चुकला की शब्द कानापर्यंत धड येत नाही.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जिचा अभ्यास उभा केला त्या आमच्या झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र'. तरी 'पडने' आणि 'पाडने' यांतलं अंतर जिथल्या तिथे राहतं. बोलीतला संवाद मी बोलीतच देतो. घरचा शब्द नट लगेच उचलतो.

नव्या पोरांना मी वहीतल्या प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावतो. 'व' आला की तुकडे पाडायला. मग वाचायचं ते कुजबुजतच, आणि दहा हातांवर एकाला ऐकायला बसवून.