दूध तोडताना

जानेफळ. सोयाबीनची सोंगणी सुरू आहे. आज सासूबाई म्हणाल्या, "दीड वर्साचं झालं लेकरू, आता तोड त्याले." सोबत कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावायचा उपायही सांगितला. तो मला नको वाटतो. ज्या कुशीत त्याला झोप लागते, तिथेच कडू चव कशी ठेवू?

गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी पहिले सहा महिने पाणीसुद्धा देऊ दिलं नव्हतं. मग मऊ वरणभात, नाचणीची पेज. पण दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेव, असं त्या सांगत. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. दुसऱ्या वर्षीही बाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा आईच्या दुधातून मिळू शकतो.

मी थकले आहे, हेही खरं. रात्री तीनदा उठते, सकाळी सोंगणीला जाते. सासूबाईंना माझी ही ओढाताण दिसते, म्हणूनच त्या बोलल्या. त्यांच्यावर राग नाही.

दुपारचं पाजणं बंद करायचं ठरवलंय. तेव्हा आजी त्याला दूध-भाकर कुस्करून देईल. रात्रीचं मात्र उन्हाळ्यापर्यंत राहू दे. आत्ताही तो माझं बोट घट्ट धरून पितोय, डोळे अर्धे मिटलेले.