पवनीची जगन्नाथ टेकडी

जपानमध्ये उष्ण झऱ्यांभोवती वसलेल्या गावांत शिंतो पंथाचे एखादे लहानसे देवस्थान हमखास आढळते. खाली स्नानगृहे आणि पथिकाश्रम, वर डोंगरउतारावर झाडांच्या सावलीत देवस्थान. पायऱ्यांच्या तोंडाशी एक कमान, हात व मुख प्रक्षाळण्यासाठी पाण्याचे कुंड, आणि गाभाऱ्यात बहुधा दिसेल अशी मूर्ती नाही. पाणी, चढण आणि शांतता हाच तेथला विधी.

भंडारा जिल्ह्यातील पवनी या गावी असाच क्रम अनुभवास येतो. येथले पाणी मात्र उष्णोदकाचे नसून वैनगंगेचे आहे. नागपूरहून सुमारे 80 किलोमीटरवर, नदीच्या काठी हे प्राचीन नगर आहे. तीन बाजूंना मातीचा तट आणि त्यालगतचा खंदक, चौथ्या बाजूस नदी. घाट व देवळे इतकी की विदर्भाची काशी म्हणून या गावाची ख्याती झाली. रेशीमकाठी वस्त्रांसाठी येथील कोष्टी विणकरांचे नाव एके काळी दूरवर गाजले होते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर नदी, कापड आणि तटबंदी असलेले गाव म्हणजे बाजारपेठच.

घाटावरून परतून तटाबाहेर पडले की जगन्नाथाची टेकडी लागते. चढ फारसा नाही. वर जगन्नाथाचे देऊळ. ऐन यात्रेचे दिवस वगळले तर येथे गर्दी क्वचितच असते. ज्याला भव्य शिखरे पाहायची आहेत, त्याची येथे निराशा होण्याचा संभव आहे, कारण या टेकडीचे वैभव डोळ्यांपुढे नसून पायांखाली आहे.

1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा या देवळाखाली विटांचा एक विशाल बौद्ध स्तूप उघडकीस आला. त्याचा व्यास सुमारे 40 मीटर, म्हणजे सांचीच्या महास्तूपाहूनही किंचित अधिक. सभोवती दगडी कठडा, त्यावर कमळांची वर्तुळे आणि बोधिवृक्षाच्या पूजेची शिल्पे. एका स्तंभावर फणा उभारलेला नागराज असून त्याखाली ब्राह्मी अक्षरांत त्याचे नाव कोरले आहे, ‘मुचरिंद नागो’. ध्यानस्थ बुद्धाला वादळापासून आच्छादणारा हाच तो मुचलिंद. परंतु त्याच्या फणेखाली बुद्ध दाखविलेला नाही. त्या काळच्या शिल्पकाराला वृक्ष, आसन किंवा चिन्ह पुरेसे वाटे. चरणपादुकांपुढे मस्तक नमविणाऱ्या जैन भाविकाला ही भाषा परकी वाटू नये. याच पवनीत भार वंशातील भगदत्त राजाचा पादुकापट्टाविषयीचा शिलालेखही मिळाला आहे.

कठड्याच्या दगडांवर दात्यांची नावे आहेत. स्तूप जो उभा राहिला तो अशा अनेकांच्या दानातून. दाता म्हणजे काही केवळ राजा नव्हे. एका लेखात नाग नावाचा, पाच निकायांचा जाणकार असा एक जण भेटतो. अमक्याचे दान, एवढ्यावरच बहुतेक लेख संपतात. आज एखाद्या सभागृहाच्या भिंतीवर दात्यांच्या संगमरवरी पाट्या पाहिल्या की पवनीचे हे दाते आठवावेत. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही त्यांचे नाव वाचता येते, ते दोन-तीन शब्दांत लिहिले असूनही. त्यांच्या दुकानाचा पत्ता मात्र सापडत नाही!

पवनीत अशा टेकड्या आणखीही आहेत. एकीस सुलेमानाचे नाव, दुसरीस हरदोलालाचे. दोन्हींच्या पोटात स्तूपांचे अवशेष मिळाले. वर नाव कोणाचे आणि खाली वीट कोणाची, हा प्रश्न येथे भांडणाचा विषय व्हावा इतका सोपा नाही. विस्मृतीत गेलेल्या उंचवट्याला नव्या पिढीने आपल्या देवाचे नाव दिले आणि त्या नावामुळेच त्यावर कुदळ पडली नाही. जगन्नाथाचे देऊळ नसते तर त्या विटा शेजारच्या घरांच्या पायात गेल्या असत्या, असे मानण्यास जागा आहे. विटांच्या जुन्या वास्तूंची अनेक ठिकाणी हीच गती झाली आहे.

उत्खननात मिळालेले शिल्पखंड आता टेकडीवर नाहीत, ते संग्रहालयांत गेले. पवनीचाच एक स्मृतिस्तंभ, महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. म्हणून पवनीची यात्रा खरे पाहता दोन ठिकाणी पूर्ण होते, एकदा टेकडीवर आणि एकदा काचेच्या कपाटासमोर. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी संग्रहालय आधी पाहावे. मग टेकडीवरची रिकामी जागा त्यांना रिकामी वाटणार नाही.

जपानचे नावही या परिसरात निराळ्या वाटेने येते. पवनीजवळच्या रुयाड (सिंदपुरी) येथे 2007 मध्ये जपानी बौद्धांच्या सहकार्याने महासमाधी भूमी महास्तूप उभा राहिला. तेंदाई पंथाचे अध्ययन जपानमध्ये केलेले भदंत संघरत्न माणके यांचा त्यामागे पुढाकार आहे. दरवर्षी 8 फेब्रुवारीस तेथे धम्ममहोत्सव भरतो आणि शेतांमधला तो शुभ्र घुमट माणसांनी वेढला जातो. त्या दिवसांत जाणाऱ्याने मुक्कामाची सोय आधी करून ठेवावी. एरवी सकाळी वैनगंगेचा घाट, ऊन चढण्यापूर्वी जगन्नाथाची टेकडी आणि दुपार कलल्यावर रुयाड असा क्रम सोयीचा पडतो. टेकडीवर पादत्राणे देवळाच्या बरेच अलीकडे काढावीत. स्तूपाची सीमा नेमकी कोठून सुरू होते, हे वरून कळत नाही.