तेलाचा डाग

प्लास्टिकचे हेलिकॉप्टर जोडत बसणे हा मराठीच्या प्राध्यापकाला शोभणारा उद्योग नव्हे, हे घरच्यांनी आणि विभागातल्या सहकाऱ्यांनी मला वेगवेगळ्या शब्दांत सांगून झाले आहे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. गेल्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपल्यावर माझ्या टेबलावर जे खोके उघडले गेले, त्यात फ्रान्सच्या हेलर कंपनीचा 'अलुएत ३' या हेलिकॉप्टरचा संच होता. पुतण्याने तो परदेशातून आणला होता. प्रमाण एकास बहात्तर. खऱ्या यंत्राच्या पात्यांचा घेर अकरा मीटरांचा, तो येथे पंधरा सेंटीमीटरांत आटोपतो.

हाच संच मागवण्याचे कारण असे की हे 'अलुएत' म्हणजे आपले 'चेतक'. फ्रेंचांशी १९६२ साली करार झाला, बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने जुळवलेले पहिले यंत्र १९६५ साली उडाले आणि पुढे तेथे अशी तीनशेहून अधिक यंत्रे तयार झाली. फ्रेंच भाषेत अलुएत म्हणजे चंडोल. आपल्याकडे येताना त्या पक्ष्याचा घोडा झाला, तोही महाराणा प्रतापाचा. नामांतराचा असा मासला भाषाशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगा आहे. पण तो विषय वेगळा. माझे वडील, नाना, हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. त्यांच्या नोकरीतली बहुतेक वर्षे चेतकच्या सांगाड्याखाली, मान वर करून गेली. मी सात वर्षांचा असताना ते निवृत्त झाले आणि आम्ही भिंगारला राहायला आलो. खारे-कर्जुन्याच्या सराव क्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरे घरावरून गेली की नाना अंगणात येत. वर न पाहता ते नुसते ऐकत आणि पुन्हा आत जात. त्यांनी काय ऐकले हे मी कधी विचारले नाही.

संचातली सूचनापत्रिका जवळजवळ निःशब्द असते. आकडे, बाण, चित्रे. शब्दांवर पोट असलेल्या माणसाला हा मोठा दिलासा वाटतो. चौकटीला जोडलेले सुटे भाग नखकात्रीने तोडायचे, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, दोन अर्ध्या भागांच्या सांध्यात पुटी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायचे. खरी परीक्षा काचेची. चेतकच्या तोंडाचा बहुतेक भाग पारदर्शक, त्यामुळे आतल्या खुर्च्यांपासून सगळे दिसते आणि चूक लपत नाही. मी घाईने त्या काचेला झटपट चिकटणारा गोंद लावला आणि त्याच्या वाफेने तिच्यावर पांढुरका पडदा धरला. मोतीबिंदूच तो! नानांच्या डाव्या डोळ्यात आहे तसा. टूथपेस्टने घासघासून तो अर्धाअधिक उतरवला. उरलेला अजून दिसतो.

रंग गडद हिरवा दिला. फ्रेंच चिन्हे बाजूला ठेवून आपले वर्तुळ, बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे, हाताने रंगवले. येथवर सारे ठीक होते. पण असे कोरेकरकरीत रंगवलेले यंत्र खेळण्यासारखे दिसते, असे या छंदातले जाणकार सांगतात, आणि ते खोटे नाही. म्हणून मग त्याला 'जुने' करायचे असते. काळपट तपकिरी ऑइल रंग पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांतून फिरवायचा, खडूची पूड घासून चाकांवर धूळ बसवायची, धुराड्यामागे काजळी धरायची. गिअरबॉक्सच्या खालून मी तेलाचे तीन ओघळ काढले. ते इतके साधले की त्या रात्री मी दिवा पुन्हा लावून ते पाहिले. वर पक्के वॉर्निश मारले.

माझ्या या रसिकतेमागे वीस वर्षांची शिकवणी आहे. वास्तववाद शिकवताना मी मुलांना आमच्या गावच्या रणगाडा संग्रहालयाचा दाखला देत आलो आहे. १९९४ साली उघडलेल्या त्या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे उघड्यावर मांडलेले आहेत, आणि ते स्वच्छ रंगवलेले आहेत. चिखल नाही, ओरखडा नाही. हे युद्ध नव्हे, युद्धाची इस्त्री केलेली आठवण आहे, असे माझे ठरलेले वाक्य. त्याच्या जोडीला मी दया पवारांचे 'बलुतं' ठेवतो. १९७८ सालचे ते पुस्तक मराठीत आले तेव्हा पांढरपेशा वाचकाची झोप उडाली, आणि दुसरीकडे ज्यांचे जगणे त्यात होते अशा काहींना हे सगळे चव्हाट्यावर कशाला, असेही वाटले. पवार आमच्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. या दुसऱ्या प्रतिक्रियेला मी वर्गात दोन मिनिटांच्या वर वेळ दिलेला नाही. डाग दाखवणारा लेखक खरा, तो झाकू पाहणारा वाचक भित्रा, अशी माझी सुटसुटीत वाटणी होती.

मॉडेल नानांच्या हातात दिले. वय ऐंशीच्या घरात, बोटांना कंप. पण हेलिकॉप्टर हातात येताच बोटे स्थिर झाली, हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही. त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिलेच नाही. पात्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "ही सरळ कशी? उभं असताना पाती वाकतात. वजनानं. फिरायला लागली की मग सरळ होतात." मला हे ठाऊक असायला हवे होते. मग त्यांनी ते खिडकीपाशी नेले, उजव्या डोळ्याजवळ धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हे काय माखवलंस?"

मी सांगू लागलो, की खरे वाटावे म्हणून असे करतात, वापरातले यंत्र असे दिसते.

"गळतंय, तर सोडलं कुणी याला?"

उत्तर देता येईना. नाना रागावले नव्हते. रागावले असते तर सोपे गेले असते. त्यांनी मला, विद्यार्थ्याला सांगावे तसे, सांगितले. उड्डाणाआधी तपासणी होते, ती झाल्यावर फॉर्म सातशेवर फिटर सही करतो, त्या सहीनंतर वैमानिक सही करतो आणि मग यंत्र जागचे हलते. तेलाचा ओलावा दिसला तर पुसायचा, कुठून येतो ते शोधायचे, पुन्हा पाहायचे. "माझ्या सहीवर माणसं वर जायची," ते म्हणाले. "हा डाग माझ्या सहीखालचा आहे का?"

'बलुतं'मधला डाग लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावरचा होता. मी काढलेले ओघळ दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कामावर होते, आणि ते काम मी पाहिलेलेही नव्हते. परदेशी मासिकांतली छायाचित्रे पाहून मी ते काढले होते. 'वास्तव' हा शब्द मी इतका सहज वापरतो, पण येथे वास्तव ठाऊक असलेला माणूस समोर बसला होता आणि त्याच्या मते सरळ पाती खोटी होती, तेल खोटे होते. वाकलेली पाती यंत्राच्या स्वभावातून येतात, तेल कुणाच्या तरी हयगयीतून. हा फरक माझ्या टिपणांत कुठेच नव्हता. तरीही नानांचे सगळे मला पटले आहे असे नाही. गळणारी यंत्रे असतीलच, न पाहता केलेल्या सह्याही असतील, आणि त्यांचे चित्र कुणीतरी काढलेच पाहिजे. फक्त ते नानांच्या हेलिकॉप्टरवर काढण्याचा हक्क मला कुणी दिला, हे मला सांगता येत नाही.

वॉर्निशमुळे ओघळ पुसले जाईनात. शेवटी पोटाकडचा भाग घासून पुन्हा रंगवला. नवा हिरवा जुन्या हिरव्याशी जुळला नाही. तेथे एक ठिगळ दिसते. त्याला मात्र नानांची हरकत नव्हती. पत्रा बदलला की असे व्हायचेच, म्हणाले. धुराड्यामागची काजळी पुसायला घेतली तर त्यांनी हात धरला. "ती राहू दे, ती असतेच." पाती गरम पाण्यात धरून त्यांनी स्वतः वाकवली. किती वाकवायची हे मला विचारले नाही.

हेलिकॉप्टर आता टीव्हीच्या कपाटावर असते. नाना दर रविवारी जुन्या बनियनच्या तुकड्याने ते पुसतात. परवा त्या पुसण्यात शेपटीचा पंखा निखळला आणि कपाटामागे गेला. आम्ही दोघांनी टॉर्च घेऊन तो शोधला. चिकटवताना या वेळी मी झटपट गोंद वापरला नाही, रात्रभर वाळू दिला. सकाळी नानांनी तो बोटाने हलकेच ढकलून पाहिला आणि चहा मागितला.